अंगावरचं

माझ्या पाकिटात एक कार्ड आहे.
त्यावर छापलंय: डावं २७५ मिलिलिटर, उजवं २७५ मिलिलिटर,
खाली अनुक्रमांक, कंपनीचा शिक्का.
गाडीचे कागद जपतात तसं जपा, म्हणाले होते डॉक्टर.
जपलंय.

आज बेन्तो अकरा दिवसांचा.
दुधाच्या पेढीत इव्हानिल्दे त्याला आधी तागडीत ठेवते,
मग माझ्या मांडीवर, मग पुन्हा तागडीत.
मधे लंगोट बदलायचा नाही, हिशोब चुकतो.
फरक: बारा ग्रॅम.
म्हणजे साधारण बारा मिलिलिटर, ती सांगते,
आणि मला त्या कार्डाची आठवण होऊन
नको तिथे हसू येतं.

ताग्वातिंगात पाऊस थांबून शंभर दिवस झाले.
खोलीत ओला टॉवेल टांगलाय, उशाशी पाण्याची बादली,
तरी बाळाच्या नाकात खपली.
रस्त्यापलीकडचा इपे
अंगावर एक पान नसताना पिवळाधमक फुललाय.
बघ त्याच्याकडे, म्हणते सासू.
झाडाला काय जातंय.

सासूने, दाल्व्हाने, सात जणांना अंगावर पाजलंय.
ती हळू बोलत नाही:
पोर प्लास्टिक पितंय का गं?
नाही. पिशवी मागे, स्नायूखाली. दूध पुढे.
पण बोंडाच्या कडेने अर्ध्या चंद्राएवढा व्रण आहे
आणि त्या चंद्रात काही वाटा तुटल्या,
किती, ते कापणाऱ्यालाही ठाऊक नाही.
डावीकडे मला कळतच नाही.
तो ओढतोय की नुसता टेकलाय
हे वाकून डोळ्यांनी बघावं लागतं.

का केलंस, असं सरळ कुणी विचारत नाही.
विचारलं असतं तर सांगितलं असतं:
बाविसाव्या वर्षी, दिवसभर परक्या बायकांची नखं रंगवून,
छत्तीस हप्त्यांत.
नवऱ्यासाठी नाही, तो तेव्हा नव्हताच.
एका हिरव्या ब्लाउजसाठी, असं म्हणा हवं तर.
शेवटचा हप्ता फिटला त्या संध्याकाळी
मी एकटीने आइस्क्रीम खाल्लं, दोन गोळे.
ते सुख खोटं नव्हतं.

इव्हानिल्दे शेवयीएवढी नळी आणते.
एक टोक वाटीत,
दुसरं चिकटपट्टीने माझ्या बोंडावर.
वाटीतलं दूध कुठल्या कुठल्या स्वयंपाकघरांतलं,
कॉफीच्या काचेच्या बरण्यांत गोठवलेलं.
अग्निशामक दलाची गाडी ते गोळा करते.
आमच्याकडे आग विझवणारी माणसं
दारात उभी राहून दूध मागतात.
बेन्तो माझ्याकडे बघत, मला ओढत, त्यांचं पितो.
हे वरचं म्हणायचं की अंगावरचं?
त्याला विचारलं.
त्याला बोलायला फुरसत नव्हती.

तिसऱ्या आठवड्यात एका रात्री वाटी लवंडली.
चादर भिजली, कुणाचं तरी दूध गादीत मुरलं,
मी रडायच्या बेतात,
आणि हा पीतच राहिला.
मग डावीकडे, जिथे पाच वर्षं काहीच नव्हतं,
एक मुंगी चावली.
मग रांग.
पान्हा म्हणतात तो हाच का,
हे विचारायला दाल्व्हाला उठवलं नाही.
तिने लगेच दिवा लावला असता.

सोमवारी, नळीशिवाय: एकेचाळीस ग्रॅम.
निम्मं तुझं, निम्मं बाकीच्यांचं, इव्हानिल्दे वहीत लिहिते,
असंच राहील कदाचित.
कदाचित.

गुरुवारी सार्जंट वाल्देसी दार चुकतो.
हातात थंड पेटी, बुटांवर लाल धूळ.
बरणी? म्हणतो.
माझ्यामागे ओट्यावर ती आहेच,
उकळून, फडक्यावर पालथी.
नाही, मी म्हणते, आमच्याकडे उलटी येते.
तो टोपीला बोट लावतो, शेजारची बेल वाजवतो.
बेलच्या आवाजाने बेन्तो जागा होतो
आणि तोंड वळवतो
डावीकडे.